न उठलेली गादी

ही घडलेली गोष्ट आहे.

ज्याच्या घरी घडली तो अन्वर पिंजारी अजून नंदुरबारात रोज सकाळी दुकान उघडतो. जाऊन विचारा त्याला. सांगणार नाही तो. पण विचारल्यावर त्याचा चेहरा तेवढा बघा, म्हणजे पुढचं मला सांगावं लागणार नाही.

भुताच्या गोष्टीला म्हणे रात्र लागते. अमावस्या लागते, लांब कुठं कुत्रं रडावं लागतं. इथं त्यातलं काहीच नव्हतं. थंडी नुकती सरली होती आणि ऊन आतापासूनच डोळे वटारायला लागलं होतं. दुपारची जेवणं उरकून अख्खं गाव आडवं झालेलं. दुकानांची शटरं खाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. रडायचं कुत्रंसुद्धा हातगाडीखाली पाय ताणून घोरत होतं.

अशा भर दुपारी... स्टेशनकडच्या जुन्या मिरचीच्या गोदामात कुणीतरी कूस बदलली.

गोदामाला बाहेरून कुलूप होतं.

किल्ली अन्वरच्या खिशात होती.

आता नीट सुरुवातीपासून ऐका.

त्या वर्षी नंदुरबारात दृश्यकला महोत्सव भरला होता. भरला म्हणजे एका मैदानात तंबू ठोकून नव्हे, तर शहरभर सांडला होता म्हणा ना. भाजी मंडईतल्या कडुलिंबाला प्लास्टिकच्या खुर्च्या टांगल्या होत्या. लोक थांबून विचारत, लगन कोनं शे? बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यावर एक म्हैस सकाळपासून संध्याकाळपर्यंत रवंथ करायची. म्हातारी मंडळी आत जाऊन बसत आणि इंटरव्हलची वाट बघत. एकानं चौकात फुटक्या मडक्यांचा ढीग मांडला, तो झाडूवाल्यांनी पहाटे उचलून ट्रॉलीत टाकला. कलावंत ट्रॉलीमागं धावला. मडकी परत आणून मांडली तेव्हा लोक म्हणाले, पहिल्यापेक्षा आता बरी दिसतात. शेवटी गावाला अशी काही सवय जडली की पंक्चरवाल्याच्या दारात दोन टायर पडलेले दिसले तरी माणसं हात मागं बांधून, मान तिरकी करून बघत उभी राहत.

या सगळ्याचा सूत्रधार होता पुण्याहून आलेला नवनीत. सदऱ्याला इस्त्री नाही, पण बोलण्याला भारी. प्रत्येक वस्तूला तो मांडणशिल्प म्हणायचा. अन्वरनं तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला भांडणशिल्प असं ऐकू आलं. घरी येऊन बायकोला, शहाबानोला म्हणाला की पोरगी आता भांडायचं शिल्प करणार आहे. शहाबानो म्हणाली, त्यात शिकण्यासारखं काय आहे, ते तर तिला येतंच.

पोरगी म्हणजे अर्शिया. एकुलती एक. नाशिकला चित्रकला शिकून आलेली. बाप, आजा, पणजा सगळे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या. आता लोक फोमवर झोपतात, त्यामुळं धंदा धापा टाकतोय. अर्शियानं ठरवलं की महोत्सवात बापाचाच धंदा मांडायचा. गावातल्या प्रत्येक मोहल्ल्यातून, गल्लीतून एकेक जुनी गादी मागायची, सगळा कापूस एकत्र पिंजायचा आणि त्याची एकच अवाढव्य गादी करायची. गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एका माणसापुरती वाट सोडून. कुणी तिच्यावर बसायचं नाही, झोपायचं नाही. नुसतं कडेनं फिरून बघायचं. कामाला नाव दिलं, ‘गावाची झोप’.

शेवटच्या दिवशी मुंबईहून एका मोठ्या कलादालनाची माणसं येणार होती. सगळ्या शहरातून ती एक काम निवडणार आणि करणाऱ्याला वर्षभर शिकायला परदेशी पाठवणार. अर्शियानं ते मनावर घेतलं होतं. जेवताना घास हातात धरून ती कुठं तरी बघत बसायची.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही.

जुनी गादी पिंजायला आली की पिंजारी तिला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारतो.

“गादी उठेल शे का?”

बाहेरचा माणूस म्हणेल, गादी कशी उठेल? पण आमच्याकडं मयत उठते. हिंदूची उठते, मुसलमानाची उठते. घरातून मयत उठली की तो माणूस ज्या गादीवर निजायचा ती झाली उठेल, म्हणजे उठलेली गादी. तिचा कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळत नाहीत. गावाबाहेर न्यायची, खोळ उसवायची, कापूस वाऱ्यावर सोडायचा. पाखरं घरट्याला नेतात. संपलं.

अर्शियानं हा प्रश्न प्रत्येक दारी विचारला. बापानं बजावलंच होतं तसं. जिथं हो म्हणाले तिथली गादी तिनं हात जोडून सोडली. बाकीच्या टेम्पोत टाकल्या.

मंडईत मेथी-शेपू विकणारी अनुसयाबाई एका खोलीत एकटीच राहते. तिच्याही दारी अर्शिया गेली आणि तोच प्रश्न विचारला.

अनुसयाबाई पोरीकडं बघत राहिली.

“नही व माय,” मग म्हणाली. “उठेल नही.”

आणि टेम्पोत न टाकता, गादी स्वतः डोक्यावर घेऊन ती गोदामापर्यंत चालत आली.

सगळा कापूस पिंजून झाला. अन्वरनं मशीन चालवली, पण शेवटचा हात आजाच्या पिंजणीनं फिरवला, हौस म्हणून. टण्... टण्... टण्... गोदाम घुमलं. बाप-लेकीनं मिळून खोळ शिवली, दाभणानं टाके घातले. पांढरीशुभ्र गादी. अन्वरनं काठीनं बडवून ती अशी सपाट केली की वर वाटी ठेवली तरी कलंडू नये.

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी सकाळी लोक आले. त्या गोदामात कित्येक वर्षं मिरची साठवलेली. मिरची गेली पण खकाणा राहिला. आत पाऊल टाकलं की ठसका. कलेक्टर कचेरीतले साहेब असोत की शाळेतली पोरं, सगळे खोकत खोकत कौतुक करत होते. दुपारी जेवायच्या सुट्टीला अन्वरनं कुलूप घातलं. ऊन उतरल्यावर उघडलं.

गादीच्या मधोमध... खळगा होता.

मोठा नाही. एका माणसाचा. कुशीवर निजलेल्या, अंगानं बारीक माणसाचा. डोक्याचा उथळ, खांद्याचा खोल, कमरेचा त्याहून खोल. गुडघे पोटाशी घेतलेले.

अन्वरनं आधी शेजारच्या गोदामाच्या राखणदाराला शिव्या घातल्या. राखणदारानं त्याला परत घातल्या. हिशेब मिटला. मग अन्वरनं काठी घेऊन गादी बडवली आणि सपाट केली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खळगा परत.

या खेपेला तोंड दुसऱ्या बाजूला.

गंमत बघा, लोकांना तो खळगाच आवडायला लागला. नवनीत तर गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “अर्शिया, ही तुझ्या कामातली सगळ्यात धाडसाची जागा आहे. गाव झोपलंय, पण झोपणारा दिसत नाही. वा.” अर्शियाला वाटलं अब्बांनीच काही तरी केलंय. आणि खरं सांगायचं तर कलावंतानं चालत आलेल्या स्तुतीला दारात अडवू नये.

बापाला वाटलं लेकीनं केलंय.

कुणीच कुणाला विचारलं नाही.

मग आली ती दुपार. अन्वरनं कुलूप घातलं, पण घरी गेला नाही. गोदामाच्या पायरीवर सावलीत टेकला. म्हटलं, बघू तर खरं, कोण शहाणा येतो.

रस्ता ओस. ऊन नुसतं उभं.

आणि आतून... सर्र.

कापसावर अंग सरकतं तसा. पिंजाऱ्याच्या कानाला तो आवाज चुकत नाही.

अन्वर ताठ झाला. कान दाराला लावला.

आत कुणीतरी उसासा टाकला. उकाड्यात झोप येत नसली की टाकतो तसा. मग पुन्हा... सर्र. या कुशीवरून त्या कुशीवर. थोडं थांबून परत. एकसारखं. ज्याला झोप लागत नाही आणि उठवतही नाही, असं कुणीतरी.

पण अन्वरच्या अंगावर काटा आला तो त्यानं नाही.

आत कुणी खोकत नव्हतं.

त्या गोदामात पाऊल टाकलं की खोकला येतोच. खकाणा श्वास घेणाऱ्या कुणालाच सोडत नाही.

अन्वरनं कुलूप काढलं. किल्ली दोनदा पडली. दार ढकललं.

कुणी नव्हतं.

पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी गादीवर पडली होती. पट्टीत धूळ तरंगत होती. आणि तिथंच खळगा. भिंतीकडं तोंड केलेला.

तो बघत असताना... खळगा भरून यायला लागला. हळूहळू. परातीतलं पीठ फुगावं तसा. वर आला, सपाट झाला. आणि बाजूची गादी दबायला लागली. आधी खांदा. मग कंबर. मग एकामागून एक गुडघे.

शेवटी डोक्याचा खळगा पडला.

दाराकडं तोंड करून.

अन्वर पळाला. एक चप्पल तिथंच राहिली. ती पुढं दोन दिवस लोकांनी कामाचाच भाग म्हणून बघितली.

घरी येऊन त्यानं शहाबानोला सगळं सांगितलं. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली की आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या भरल्यात, स्वतः कधी धड निजला नाहीत, असंच दिसणार. पण ते बोलताना तिनं दाराची कडी लावली, हे अन्वरनं पाहिलं. अर्शियाला काही सांगायचं नाही असं ठरलं. दोनच दिवस राहिलेत. मुंबईची माणसं येतील, बघतील, मग काय ते करू.

दुसऱ्या दिवशी कुलूपकिल्ली अर्शियाकडंच होती, आणि दुपारी ती जेवायला घरी आलीच नाही.

अन्वर ताटावरून उठला आणि तसाच, हात न धुता निघाला.

गोदामाचं दार नुसतं लोटलेलं होतं.

अर्शिया गादीवर झोपली होती.

त्या खळग्यात.

आता ही पोरगी लहानपणापासून पाठीवर झोपणारी. हात एकीकडं, पाय तिसरीकडं. शहाबानो म्हणायची, ही निजते का कुस्ती खेळते. ती आता कुशीवर होती. गुडघे पोटाशी, तळहात गालाखाली. आणि खळगा तिला असा बसला होता की कुठं बोटभर जागा उरली नव्हती. शिंप्यानं माप घेऊन शिवावा तसा.

अन्वरनं हाक मारली.

नाही.

परत मारली. खांदा धरून हलवलं. अंग गार. केसांची टोकं... ओली. ओली म्हणजे टपटप गळत होती, आणि खाली गादी मात्र कोरडी.

आणि ती खोकत नव्हती.

“अर्शिया. बेटा. ऊठ.”

तिचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

“थोडं निजू दे ना व माय,” ती म्हणाली.

अन्वरच्या घरात आईला अम्मी म्हणतात. माय असं अर्शियानं जन्मात कधी म्हटलं नव्हतं. आवाजही तिचा नव्हता, असं अन्वर म्हणतो. मी त्यावर काही बोलत नाही. त्यानं तिला काखेत हात घालून ओढलं, फरफटत कडेला आणलं. गादी तिला सोडायला तयार नव्हती. चिखलातून पाय काढताना येतो तसा आवाज आला, कापसातून.

मग अर्शियाला ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. लेकीला खोकताना बघून बापाला इतका आनंद कधी झाला नसेल.

तिला धरून तो बाहेर आला. पायरीवर अनुसयाबाई बसली होती. शेजारी मेथीची रिकामी टोपली.

“निजनी का?” तिनं विचारलं.

अन्वरला वाटलं अर्शियाबद्दल विचारतेय. म्हणाला, हां, निजेल व्हती, आते उठनी.

“हाई नही,” अनुसयाबाई म्हणाली. “मन्ही.”

तिची लेक. तिचं नाव मी इथं देत नाही, माय अजून आहे. काही वर्षांमागं ती मैत्रिणींबरोबर प्रकाशा या तीर्थाच्या गावी यात्रेला गेली होती, आणि तापीत उतरली. बाकीच्या बाहेर आल्या, ही आली नाही. होड्या फिरल्या, गळ टाकले, नदीनं काही परत दिलं नाही. भाऊबंद म्हणाले, दहावं उरकून घे. अनुसयाबाई म्हणाली, कोणाचं? त्या दिवसापासून तिनं रोज संध्याकाळी लेकीची गादी अंथरली आणि रोज सकाळी गुंडाळली. कधी कधी सकाळी गादीत खळगा असायचा. ती त्याला हात लावायची नाही.

“तुन्ही पोरनी इचारं, गादी उठेल शे का,” ती शांतपणे म्हणाली. “मी सांगं, नही. खोटं काय बोलनू मी, अन्वरभाऊ? मन्हा घरमाईन कोन उठनं?”



तिचं खोटं नव्हतंच. पिंजाऱ्याच्या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात. एक तर माणूस गादीवरून रोज उठतो, नाही तर एकदाच उठतो. जी घरातून गेली, मेलीही असेल, पण उठलीच नाही, तिचं काय करायचं हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

मग दिली कशाला, असं त्यानं विचारलं.

“घर एकली पडी ऱ्हास ती,” अनुसयाबाई म्हणाली. “आठे समदं गाव येस.”

संध्याकाळी पिंजाऱ्याच्या घरात भांडणशिल्प झालंच. अन्वर म्हणाला, गादी उद्या हलवायची. आता तो कापूस वेगळा काढता येत नाही. दुधात साखर विरघळली, आता साखर परत मागून कशी मिळेल? त्यामुळं सगळीच गादी उठेल गादी समजायची, खांद्यावर घेऊन गावाबाहेर न्यायची. अर्शिया ऐकेना. तिनं काही पाहिलं नव्हतं, तिला आठवत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की इतकी गाढ झोप तिला कधी लागली नव्हती. हे तिनं हसत सांगितलं. ते हसू बघून शहाबानोनं तोंडाला पदर लावला.

“उद्या त्या लोके येतीन, अब्बा,” अर्शिया म्हणाली. “त्यासले काय रिकामी जमीन दखाडू?”

“रिकामी जमीन दखतीन ते चाली,” अन्वर म्हणाला. “मन्हा घर रिकामी खाट माले नही दखनी.”

त्यावर अर्शिया उठून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. अन्वर तिच्या उशाशी बसून राहिला.

सकाळी तो नवनीतला सांगायला गेला. वाटलं होतं तो आकाशपाताळ एक करेल. पण गादी खांद्यावर घेऊन गावातून न्यायची हे ऐकताच नवनीत खुर्चीतून उभा राहिला. त्याचे डोळे चमकले. अर्ध्या तासात गावभर फोन वाजले: आज दुपारी ‘गावाची झोप’ उठणार, सर्वांनी खांदा द्यायला यावे. अन्वरनं काही खुलासा केला नाही. खांदे मिळाल्याशी मतलब.

गादी गुंडाळली, बांबूंना बांधली. हमाल आले, मिरचीवाले आले, कॉलेजातली पोरं आली. मुंबईहून आलेले पाहुणेही काळे चष्मे सावरत वाकले. उचलली.

आणि सगळे चकित. एवढी अवाढव्य गादी, गाडीभर कापूस, आणि वजन किती? एका पोरीइतकं. हमाल एकमेकांकडं बघायला लागले.

मिरवणूक निघाली. पाहुणे फोटो काढत होते, पोरं शिट्ट्या मारत होती. अन्वर पुढं होता, मनात दुआ म्हणत. अर्शिया कडेनं चालत होती, झोपेतल्यासारखी. लोक तिला म्हणत होते, काय कल्पना आहे बाई.

अनुसयाबाईची गल्ली आली.

तिथं गादी जड झाली.

हळूहळू नाही. एकदम. पुढच्या पोराचा गुडघाच टेकला. बांबू करकरले. हमालांनी दात खाऊन जोर लावला, पण पाऊल पुढं पडेना. गादी तिच्या दारासमोर खाली ठेवावी लागली. नवनीत म्हणाला, वा, विसावा. टाळ्या पडल्या.

अनुसयाबाई दारात उभी होती.

अन्वर तिच्याजवळ गेला. “बहीण,” तो म्हणाला, “सांग तिले. तू सांगाशिवाय ती उठाव नही.”

एवढ्या वर्षांत ती रडली नव्हती, आताही रडली नाही. तिनं अन्वरकडं पाहिलं. मग अर्शियाकडं पाहिलं. बराच वेळ. इतका की अन्वरला मध्ये जाऊन उभं राहावंसं वाटलं. मग ती खाली बसली, गादीच्या गुंडाळीला गाल लावला आणि काही तरी बोलली.

छोटंसं. दोन-तीन शब्द असतील.

कुणालाच ऐकू आलं नाही. तिच्या जवळ फक्त अर्शिया होती.

गादी अशी हलकी झाली की उचलताना पुढची पोरं तोल जाऊन पडता पडता वाचली.

गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घातली होती. नजर जाईल तिथवर लाल. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या. अन्वरनं टाके कापले, खोळ फाडली. त्या दुपारी वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं, हे तिथं असलेला कुणीही सांगेल.

पण कापूस उडाला.

पांढरा लोट लाल मिरचीवरून वर चढला आणि तापीच्या, प्रकाशा गावाच्या दिशेनं गेला. सगळा. मागं खोळीत बोंडभरही राहिला नाही. पाहुणे टाळ्या वाजवत राहिले. त्यातली एक बाई रडत होती. का रडते आहे हे तिलाही सांगता येईना.

अर्शियाचं काम निवडलं गेलं.

तुम्ही म्हणाल, मग झालं की. पोरीचं भलं झालं, गादी उठली, अन्वर सुटला.

अन्वरलाही आधी तसंच वाटलं.

त्यानं एकदा लेकीला विचारलं, त्या दिवशी अनुसयाबाई काय बोलली? अर्शियानं त्याच्याकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, “कोन्हीच काही बोलनं नही, अब्बा.”

परदेशी जायचं तिनं दोनदा पुढं ढकललं. म्हणते, जाईन, घाई काय आहे. काम करते, हसते, बापाची टिंगलही करते. सगळं पहिल्यासारखं. फक्त आता ती रोज दुपारी झोपते. कुशीवर. गुडघे पोटाशी, तळहात गालाखाली.

आणि रोज दुपारी, मंडई आटोपली की अनुसयाबाई येते. कुणी बोलावत नाही. उंबऱ्यावर बसून उरलेली मेथी निवडते. निवडलेली जुडी शहाबानोच्या हातात ठेवते आणि जाते. तिला येऊ नको असं सांगायला शहाबानोची जीभ उचलत नाही. अन्वरचीही नाही.

मागं एकदा ऊन उतरलं, चहा झाला, तरी अर्शिया उठली नाही. अन्वर तिच्या खाटेशी गेला. हाक मारायला तोंड उघडलं, हलवायला हात पुढं केला.

“उठाडू नका, अन्वरभाऊ,” उंबऱ्यावरून अनुसयाबाई म्हणाली. मान वर केली नाही. हात मेथीतच होते. “आत्तेच घर उनी ती.”

नुकतीच घरी आली म्हणे. अन्वरनं हात मागं घेतला.

मी परवा त्या रस्त्यानं गेलो होतो. दुपारची वेळ. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत शिरून अन्वरशी चार गप्पा मारायच्या म्हणून वाकलो. हाक मारणार... तेवढ्यात वाटलं, नको.

पाय न वाजवता पुढं निघून आलो.